अंगण वाकडे

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण शिकवताना मी मुलांना वर्षानुवर्षे एकच तात्पर्य सांगत आलो: आपल्या उणिवेचे खापर दुसऱ्यावर फोडू नये. पण परवा अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींविषयी वाचत बसलो आणि माझी मलाच शंका आली. अंगण खरोखरच वाकडे असले तर? आणि नाचणाऱ्याला तसे सांगायला वाचाच नसली तर?

शर्यतीच्या घोड्याचे वजन सुमारे 500 किलो. तो भरधाव सुटला म्हणजे एकेका पायावर त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो, आणि तो पेलायचा कशाने, तर माणसाच्या मनगटाएवढ्या हाडाने. ते मोडले की घोडा बहुधा वाचत नाही. आपल्यासारखे त्याला महिनोन्महिने अंथरुणावर पडून राहता येत नाही. मोडक्या पायाचा भार धडक्या पायांवर येतो आणि तेही नासतात. 2006 ची केंटकी डर्बी जिंकणाऱ्या बार्बारोचा पाय पुढच्या दोनच आठवड्यांत दुसऱ्या शर्यतीत मोडला. शर्थीचे उपचार झाले. तरी जानेवारी 2007 मध्ये त्याला मरण द्यावे लागले. 2008 च्या डर्बीत एट बेल्स ही घोडी दुसरी आली, आणि शर्यत संपते न संपते तोच तिचे पुढचे दोन्ही पाय मोडले. तिला जागच्या जागीच मुक्त करावे लागले.

तिकडच्या मोठ्या शर्यती बहुतेक मातीवर होतात. तेव्हा मातीच बदलावी, असे काहींना वाटले. वाळू, कृत्रिम धागे आणि रबराचे तुकडे यांना मेण चोळून केलेला पट्टा घोड्याची टाप अधिक अलगद झेलतो. कॅलिफोर्नियाच्या अश्वशर्यत मंडळाने 2006 मध्ये फर्मान काढले, की मोठ्या मैदानांनी 2007 अखेर असे पट्टे घालावेत. केंटकीतल्या कीनलंडनेही तो घातला. अशा पट्ट्यांवर मातीपेक्षा कमी घोडे दगावतात, असे नोंदी सांगू लागल्या. आणि तरीही सँटा अनिताने 2010 मध्ये, कीनलंडने 2014 मध्ये व डेल मारने 2015 मध्ये पुन्हा माती पसरली!

कारणे अगदीच खोटी नव्हती. सँटा अनिताच्या पट्ट्यातून पावसाचे पाणी निचरेना, शर्यती रद्द कराव्या लागल्या. उन्हाने मेण मऊ पडे. पाय वाचले तरी स्नायू दुखावतात, अशी शिकवणाऱ्यांची तक्रार होती. पण खरी मेख निराळीच. डर्बी मातीवर होते. म्हणून पैदास करणाऱ्याला मातीवर पळणारा घोडा हवा, आणि पैज लावणाऱ्याला आपले जुने आडाखे हवेत. थोडक्यात, जित्याची खोड.

पुढे 2018-19 च्या हंगामात एकट्या सँटा अनिताला 30 घोडे गेले. मग मात्र घोड्यांची तपासणी कसून होऊ लागली, औषधांवर निर्बंध आले, आणि त्याच मातीवर मृत्यू घटले. 2022 पासून तर देशभर एकच नियम लागू होऊ लागले. 2009 साली हजार धावांमागे 2 घोडे मरत. 2023 साली हे प्रमाण 1.32 वर आले.

तेव्हा दोष अंगणाचा आहे, पण एकट्या अंगणाचा नाही. त्या म्हणीत एक तिसरा माणूस विसरला गेला आहे. तो म्हणजे नाचवणारा. घोड्याने कधी कप मागितला नाही, की डर्बीचे नाव ऐकले नाही. अशा मुक्या जिवाला पळवायचे, तर नवा पट्टा पुरता निर्दोष नाही म्हणून तो उखडून टाकणे मला पटत नाही. अपुरी दयासुद्धा दयाच असते. मात्र मऊ पट्टा अंथरला म्हणजे आपण ऋणातून सुटलो, असेही कोणी मानू नये. उरलेला तो एक घोडा आपल्याच हौसेपायी मरतो.

यापुढे ती म्हण शिकवताना मी मुलांना आणखी एक प्रश्न विचारणार आहे: ढोलकी कोणाच्या हातात होती?