उपचारार्थ प्रतिरूपण आणि लोकांचा पैसा

रोग्याच्या पेशीतील केंद्र काढून ते केंद्ररहित स्त्रीबीजात बसवावे, त्यापासून वाढलेल्या पाचसहा दिवसांच्या भ्रूणातून मूलपेशी घ्याव्यात, आणि त्याच रोग्याच्या देहास मानवतील अशा ऊती त्यांतून घडवाव्यात, ही उपचारार्थ प्रतिरूपणाची कल्पना होय. अमेरिकेत २०१३ साली अशा मानवी मूलपेशी प्रत्यक्ष निर्माणही झाल्या. या संशोधनास सरकारने द्रव्य पुरवावे काय?

अमेरिकेत हा वाद भ्रूणाच्या जीविताभोवती फिरला. ९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी त्यापूर्वी निर्माण झालेल्या भ्रूणपेशींच्या वंशांपुरताच सरकारी खजिना खुला ठेवला. त्या वंशांत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचेही होते. खासगी पैशाने तेच कार्य करण्यास मात्र त्या आज्ञेने अटकाव नव्हता. सरकारी पैशाने जे पाप, ते सावकाराच्या पैशाने निर्दोष कसे ठरते, हे आम्हांस उमगलेले नाही.

आमच्या मते खरी अडचण भ्रूणाहून स्त्रीबीजाची अधिक आहे. बीजे काही झाडाखाली वेचावयास मिळत नाहीत. त्यांसाठी एखाद्या स्त्रीने कित्येक दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावयाची, मग सुईने ती काढून घ्यावयाची. आणि लाभ दुसऱ्याचा. दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक यांचे २००४ व २००५ सालचे प्रबंध बनावट ठरून २००६ साली मागे घेतले गेले. त्यांनी वापरलेली काही बीजे विकत घेतलेली, तर काही त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या स्त्रियांची होती. ज्याच्या हाती आपली भाकरी, त्याला दिलेल्या होकारास संमती म्हणावे काय? आपल्याकडील २०२१ च्या कायद्याने वंध्यत्वोपचारासाठी बीज देणाऱ्या स्त्रीकडून आयुष्यात एकदाच, तीही सातांहून अधिक बीजे घेऊ नयेत असे ठरविले आहे. प्रयोगशाळेसही हीच मर्यादा हवी.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीचा शेतमजूर आगपेटी घेतानाही कर भरतो. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशाच पैशावर चालते. ‘आधी सर्पदंशावरचे औषध वेळेवर मिळू द्या,’ असे तो म्हणाला, तर त्यास अडाणी ठरविणे आम्हांस मान्य नाही. पण अनुदान थांबविल्याने संशोधन थांबत नाही. ते नफेखोराकडे जाते. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तजनक पेशींचे रोपण वगळता मूलपेशींचा उपचार रीतसर चाचणीबाहेर करणे अयोग्य ठरविले. तरी आशेचा बाजार चालूच राहिला. सरकारी प्रयोगशाळेस निदान हिशेब विचारता येतो, फसलेला प्रयोगही प्रसिद्ध करावयास लावता येतो.

म्हणून आम्ही अनुदानाच्या बाजूचे आहोत. मात्र स्त्रीची संमती प्रयोगाशी संबंध नसलेल्या माणसाने घ्यावी, आणि बीज काढताना तिला अपाय झाल्यास उपचारांचा खर्च त्याच अनुदानातून व्हावा.