गॅस कुठे गेला?

नागपुरात कडक उन्हाचा नवतपा लागला की गॅरेजच्या दारात गाड्यांची रांग लागते आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच असतं, "भाऊ, एसी गार करत नाही. गॅस भरून द्या." रोगही गिऱ्हाइकानेच ओळखलेला असतो आणि औषधही त्यानेच ठरवलेलं असतं. मी फक्त नळी जोडायची. तासाभरात गाडी गार, गिऱ्हाईक खूश, गल्ल्यात पैसे. नेमक्या याच घाईत मी स्वतःला विचारायला हवं, की आधीचा गॅस गेला कुठे?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, समोरच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून तो द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी त्याचा दाब पडतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि केबिनची उष्णता घेऊन परत फिरतो. सगळा मामला बंद नळ्यांतला. लहान गाडीत गॅस असतो जेमतेम अर्धा किलो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला या उन्हाळ्यात नसेल, तर वाट कुठेतरी आहे. ती न शोधता पुन्हा भरणं म्हणजे फाटक्या खिशात पैसे टाकणं. फरक इतकाच, की खिसा गिऱ्हाइकाचा आणि पैसे मला मिळणारे.

कित्येकदा तर गॅस गेलेलाच नसतो. केबिन फिल्टर धुळीने गच्च असतो, कंडेन्सरच्या जाळीत चिखल वाळलेला असतो, नाहीतर पंखा मंदावलेला असतो. फिल्टर बदलायला काही मिनिटं लागतात आणि त्यात फार सुटत नाही. गॅसच्या बिलात सुटतं. दोन्ही गेज लावल्यावर काटे मला खरं सांगतात. गिऱ्हाईक ते काटे बघतो, पण वाचू शकत नाही. माझ्या धंद्यातली सगळी जोखीम या एका गोष्टीत आहे. वस्तू दिसत नाही, गळती दिसत नाही, आणि ज्याला दिसतं तोच बिल करतो.

नीट काम कसं असतं, हे मला पाठ आहे. उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यायचा, नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. जिथे तेलकट काळपट डाग धरलेला असतो, तिथे बहुधा आधी बुडबुडा फुगतो. अगदी सावकाश, मान वाकवून थांबलं तरच दिसेल असा. मग सील बदलायचं, अर्धा तास तरी व्हॅक्यूम ओढायचा, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरायचा. व्हॅक्यूम आटपता घेतला तर आत ओल राहते. ती व्हॉल्व्हपाशी गोठते, तेलात मिसळून आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसरला आतून खाते. पण हे महिन्यांनी. त्या संध्याकाळी नीट केलेली गाडी आणि उरकलेली गाडी सारखीच गार हवा फेकतात. गिऱ्हाईक दोन्ही वेळी तितक्याच मनापासून धन्यवाद देतो.

म्हणून मला माझ्या प्रामाणिकपणाचीही शंका येते. मी गळती शोधतो ती गाडीसाठी, की हा माणूस महिन्याभरात भांडायला येऊ नये म्हणून? बाहेरगावची, पुन्हा न दिसणारी गाडी आली, तर माझा अर्धा तास पंचवीस मिनिटांचा होतो का? उत्तर मला ठाऊक आहे, म्हणूनच प्रश्न टोचतो.

दुसरा प्रश्न उरलेल्या गॅसचा. जुन्या गाड्यांतल्या आर-१२ या गॅसमुळे ओझोनला धोका आहे, हे शास्त्रज्ञ मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि पुढे आर-१३४ए आला. तो ओझोनला हात लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी. एका गाडीतला अर्धा किलो हवेत सोडला, तर सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतका भार पडतो. त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार आपला देश २०३२ पासून हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करणार आहे. व्हॉल्व्हची पिन मात्र आज माझ्या अंगठ्याखाली आहे. दाबली की फुस्स, आणि काही क्षणांत काम मोकळं. यंत्राला वेळ लागतो. यंत्र घेतलं म्हणजे अंगठ्याची सवय गेली, असं होत नाही. मागे सहा गाड्या उभ्या असल्या की तो शिवशिवतोच. आणि ज्या उन्हाला कंटाळून लोक माझ्याकडे येतात, त्याच उन्हात मी भर घालणार.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक टॅक्सीवाला. त्याची कूलिंग कॉइल गळते. ती बदलायची तर डॅशबोर्ड उतरवायचा, दिवस मोडायचा, हजारोंचा खर्च. एसीशिवाय प्रवासी बसत नाहीत आणि हप्ता थांबत नाही. तो म्हणतो, "भाऊ, सध्यापुरतं भागवा." नाही म्हटलं तर तो शेजारी जाईल आणि तिथे न सांगता भरून मिळेल. पण "दुसरा करणारच आहे" हे कारण एकदा चालवून घेतलं, की त्याच्या आड काहीही बसतं. म्हणून मी ठरवलं, गळती बारीक असेल तर सांगून भरायचं, मोठी असेल तर नाही. तरी बारीक कुठे संपतं आणि मोठं कुठे सुरू होतं, ती रेघ मीच ओढतो, आणि ओळखीच्या माणसासाठी ती सरकते.

मनावर सोडून भागत नाही, म्हणून आता बिलावर तीन रकाने छापून घेतले आहेत: किती ग्रॅम काढला, किती ग्रॅम भरला, गळती कुठे आहे. गिऱ्हाईक ते क्वचितच वाचतो. नाही वाचलं तरी चालेल. यातला एखादा रकाना मोकळा सोडावासा वाटला, की त्या दिवशी माझी तपासणी तिथूनच सुरू करायची.