बायकोचा पगार

लग्न ही नोकरी आहे की नाही, हा प्रश्न लग्न झालेल्या माणसाने मोठ्याने विचारू नये. पण जपानी लोक धीट. २०१६ साली तिथल्या टीबीएस वाहिनीने यावर अख्खी विनोदी प्रेममालिका काढली. मिकुरी नावाची उच्चशिक्षित मुलगी, कंत्राटी नोकरी सुटलेली. हिरामासा नावाच्या एकलकोंड्या इंजिनिअरकडे ती झाडू-पोछा, स्वयंपाक करते. पुढे हे काम टिकावं म्हणून दोघं करारावर नवरा-बायको होतात. तो मालक, ती पगारी! मग व्हायचं ते होतं, प्रेम बसतं. हिरामासा खरोखरीच्या लग्नाची मागणी घालतो आणि पगार कसा वाचेल त्याचा हिशेबही मांडतो. मिकुरी बिघडते. प्रेम आहे म्हणून फुकट राबवायचं, याला ती सरळ शोषण म्हणते.

आपल्याकडे २०१२ साली झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये कराराचं लग्न झालंच होतं. पण बायकोला पगार? छे! आपण संस्कृती सांभाळली.

पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने तर १९२० सालीच लिहून ठेवलंय की, घरकामाच्या बाईशी मालकाने लग्न केलं की राष्ट्रीय उत्पन्न घटतं. बाई तीच, तवा तोच, भाकरी तीच. पगार थांबला म्हणून देश गरीब! पिगूसाहेब नंदुरबारला आले असते तर मिरचीच्या पथारीवरच उदाहरण मिळालं असतं. इथे लाल मिरचीची देठं खुडणाऱ्या बाईला मजुरी मिळते. संध्याकाळी तीच बाई घरी तीच मिरची वाटते, तेव्हा मिळतं ते एवढंच : “तिखट जास्त झालं.”

वर सातपुड्यातल्या आदिवासी समाजात नवरदेवाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. बाईच्या कष्टाला मोल आहे हे त्यांनी निदान कबूल केलं. रक्कम जमा होते मात्र बापाच्या खात्यात. आम्ही शिकलेल्यांनी पैशाची दिशाच उलटी केली, आणि १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा होऊनही ती पुरती सुलटी झालेली नाही.

हे सारं मी घरी ऐकवलं. सौ. म्हणाली, “पगाराचं राहू द्या हो. माझ्या सी.एल. किती शिल्लक आहेत तेवढं सांगा.”

न घेतलेली रजा बुडते, हा नियम ओठांवर आला होता. गिळला. पगार म्हणजे काही नुसते पैसे नव्हेत. पगारी माणसाला रजा मागता येते, ‘हे माझं काम नाही’ म्हणता येतं, अगदीच झालं तर राजीनामा देता येतो. मला साहेबाचा राग आला तर युनियन आहे. हिला माझा राग आला तर साक्रीचं माहेर, आणि तिथेही वहिनीच्या हाताखाली पोळ्या!

लोक म्हणतात, संसारात हिशेब शिरला की प्रेम गेलं. असेल. पण बँकेच्या काउंटरवर बसून मी एक पाहिलंय. ‘आपल्या माणसांत हिशेब कशाला?’ असं म्हणतो तो नेहमी कर्जदार. ठेवीदाराच्या तोंडून हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

येत्या रविवारी आमच्याकडे रजा आहे. मी मंजूर केलेली नाही. तिनेच घेतली आहे. पिठलं किती शिट्ट्यांत होतं, कुणाला ठाऊक असल्यास कळवावे.