दुसऱ्याच्या जखमेचं गाणं

माझ्या फौजी मामाने एका रात्री सांगितलेली लढाईची गोष्ट मी न विचारता स्टेटसला टाकली. भरपूर हार्ट आले. मामा एवढंच म्हणाला, "अरे, एकदा विचारायचंस."

तेव्हापासून 'आय वॉज ओन्ली नाइन्टीन' मी वेगळ्या कानांनी ऐकतो. 'रेडगम' या बँडचं हे गाणं १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेलं. लिहिणारा जॉन शूमन व्हिएतनामच्या युद्धात नव्हताच. गोष्ट त्याच्या मेहुण्याची, मिक स्टोरेनची. स्टोरेनची अट होती: साथीदारांचा अपमान नको, आणि मला पटलं नाही तर गाणं बाहेर येणार नाही. शूमनने ती मानली. रॉयल्टीही युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संघटनेला दिली.

पैसे दिले म्हणून गाणं नैतिक ठरलं का? मला नाही वाटत. देणगी नंतरही देता येते. 'नाही' म्हणायचा हक्क मात्र आधीच द्यावा लागतो.

त्या सैनिकांचं राष्ट्रीय स्मारक कॅनबेरात १९९२ मध्ये उभं राहिलं. दगडाच्या नऊ वर्षं आधी कुणीतरी त्यांचं ऐकून घेतलं होतं.

स्टेटस मी काढलं. मामाला अजून नीट विचारलेलं नाही.