कोणाचेच नसलेले केस

कृत्रिम केसांचा टोप कोणाच्याही डोक्यावर कधी न वाढलेल्या धाग्यांचा असतो. लांब, लाटदार केसांचा असा टोप दोन प्रकारच्या माणसांना लागतो. काहींना तो नाटकासाठी, नृत्यासाठी किंवा स्नेहसंमेलनातल्या एका संध्याकाळपुरता हवा असतो. काहींना केस गळाल्यामुळे, उपचारांमुळे किंवा नुसत्या हौसेने तो रोज घालायचा असतो. रंगमंचावरच्या टोपाला कोणी खोटा म्हणत नाही. तोच टोप घालून माणूस बाजारात गेला की ही फसवणूक नव्हे काय, अशी शंका निघते. धर्मशास्त्रांनी विचारलेला प्रश्न आणखी वेगळा आहे: हे केस मुळात कोणाचे? या शंकांची उत्तरे बरीचशी धाग्यातच आहेत, त्यामुळे सुरुवात तिथून करणे बरे.

टोपासाठी वापरला जाणारा जुना आणि अजूनही सर्वत्र आढळणारा कृत्रिम धागा म्हणजे मोडॲक्रिलिक. पुढे उष्णता सोसणारे पॉलिएस्टरचे धागेही आले. कारखान्यात धागा नळ्यांवर गुंडाळून त्याला उष्णता देतात आणि थंड होताना ती लाट त्यात कायमची बसते. माणसाच्या केसाचे उलटे आहे. चिमट्याने त्याला दिलेले वळण पाणी लागताच सुटते, कारण ते वळण धरून ठेवणारे हायड्रोजन बंध ओलाव्याने तुटतात. थोडक्यात, माणसाच्या केसाला पूर्वायुष्य असते, पण त्याला शिकवलेले वळण तो विसरतो. कृत्रिम धाग्याला पूर्वायुष्य नाही, पण एकदा दिलेले वळण तो सोडत नाही.

निवडीचा पहिला नियम यातूनच निघतो. जी लाट हवी असेल, तीच दुकानात पाहून घ्यावी. साध्या धाग्यावर घरी नवी लाट घालता येईल या भरवशावर राहू नये. साध्या धाग्याला गरम चिमटा लावला तर तो वितळून चिकटतो. उष्णता सोसणाऱ्या धाग्यालाही उत्पादकाने छापलेली मर्यादा असते आणि ती पाळावीच लागते. स्वयंपाकघरात धोका नकळत ओढवतो: ओव्हनचे दार उघडताना येणारा झोत किंवा कढईची वाफ पुढच्या बटा क्षणात आखडून टाकते, आणि त्या पुन्हा सरळ होत नाहीत.

रंगमंचावरच्या टोपाचा विचार भारतात फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वेश, अलंकार, रंग आणि केस यांना आहार्य अभिनयात स्थान आहे, आणि कोणत्या पात्राचे केस कसे असावेत हेही तिथे सांगितले आहे. अवंतीच्या स्त्रियांना कुरळ्या बटा, पिशाच आणि वेड्यांना लांब केस, विदूषकाला टक्कल. त्याच प्रकरणात एक अत्यंत व्यावहारिक सूचना येते: नटाच्या अंगावर जड सोन्याचे दागिने घालू नयेत, तो थकेल, लाखेचे, हलके, वरून मुलामा दिलेले दागिने वापरावेत. अस्सलपणा हा भरताचा निकषच नाही. प्रेक्षकाला पात्राची ओळख पटावी आणि नटाला हालचाल करता यावी, एवढेच त्याला हवे आहे. मंचावरच्या या रीतीला त्याने नाट्यधर्मी म्हटले आणि रोजच्या जगण्याच्या रीतीला लोकधर्मी.

मग प्रेक्षकाला नेमके काय दिसते? नाट्यशास्त्राचा टीकाकार श्रीशंकुक याने यावर चित्रतुरगाचे, म्हणजे चित्रातल्या घोड्याचे, उदाहरण दिले. भिंतीवर रंगवलेला घोडा पाहून माणूस ‘हा घोडा’ म्हणतो, पण त्याला ना तो खरा घोडा वाटतो, ना आपण फसलो असे वाटते, ना शंका येते. नटाला राम म्हणणे हे तसेच. नंतरचा टीकाकार अभिनवगुप्त याला शंकुकाचा अनुकरणाचा सिद्धान्त मान्य नव्हता. पण मुकुट आणि शिरोवेष यांमुळे ‘हा अमुक नट’ ही जाणीव झाकली जाते, हे त्यानेही सांगितले. म्हणजे टोपाचे काम राम उभा करणे नाही. नटाला बाजूला सारणे आहे. उरलेले प्रेक्षक स्वतः करतो.

मराठी रंगभूमीवर लांब मोकळ्या केसांना द्रौपदीमुळे वेगळे वजन आहे. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकाचे नावच तिची सुटलेली वेणी पुन्हा बांधण्यावरून पडले. खाडिलकरांच्या ‘संगीत द्रौपदी’त १९२० साली बालगंधर्वांनी द्रौपदी उभी केली, तेव्हा स्त्रीपार्टीच्या परंपरेत टोप आणि गंगावन ही नटाची रोजची हत्यारे होती. द्रौपदीसाठी टोप निवडताना बारीक, स्प्रिंगसारखे कुरळे केस चालत नाहीत, कारण ते मुद्दाम केलेल्या सजावटीसारखे दिसतात. सुटलेल्या वेणीची लाट रुंद, सैल, मुळापाशी जवळजवळ सपाट आणि खाली गहिरी होत गेलेली हवी. धाग्याची चमक दिव्याखाली प्लास्टिकसारखी झळकते. थोडी पावडर किंवा कोरडा शाम्पू लावून ती मारता येते. खरे केस चप्प वळवून, वर जाळीची टोपी ओढून, मग टोप कपाळाकडून मागे बसवावा आणि कानामागे, मानेजवळ पिना लावाव्यात. नाच असेल तर दोन जादा पिना.

बालगंधर्वांचे लुगडे नेसणे आणि केसांची ठेवण पाहून त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांतल्या स्त्रिया तसे करू लागल्या, ही गोष्ट नाट्येतिहासात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. नाट्यधर्मी अशी घरात शिरली. लोकधर्मी आणि नाट्यधर्मी यांच्यातली भिंत भरताला वाटली तेवढी जाड नसावी.

रोजच्या वापरात निवडीचे निकष पालटतात. मंचासाठी गडद आणि दाट असलेले चांगले. रस्त्यावर तेच चोरी पकडून देते. काळेभोर वाटणारे केसही उन्हात एकरंगी नसतात, त्यामुळे दोन-तीन जवळच्या छटा मिसळलेला, मुळाशी किंचित गडद टोप अधिक सहज दिसतो. कपाळाच्या कडेला बारीक जाळीवर एकेक धागा ओवलेला असेल तर केस कातडीतून उगवल्यासारखे वाटतात, भांगापाशीही तसेच. डोक्याचा घेर कपाळापासून कानामागून मानेच्या खळगीवरून मोजावा. मोठ्या माणसांत तो बहुधा ५४ ते ५७ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, आणि सैल टोपापेक्षा नेमका बसणारा टोप डोके कमी दुखवतो. लांबीचा मोह आवरता घ्यावा. कंबरेपर्यंतचा टोप फोटोत शोभतो, पण कॉलर, पदर आणि बसच्या आसनाची पाठ यांना घासून मानेखालचा भाग पहिल्यांदा खरखरीत होतो. खांद्याच्या थोडे खाली थांबणारी लांबी रोजच्यासाठी पुरेशी.

आता फसवणुकीची शंका. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सत्याची चर्चा वाणीच्या अंगाने येते: बोललेले दुसऱ्याला ठकवणारे, भ्रमात टाकणारे किंवा निरर्थक नसावे, आणि ते प्राणिमात्रांच्या हिताचे असावे. टोप काही बोलत नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला दुसऱ्याच्या टाळूविषयी सत्य मिळण्याचा हक्क आहे, असे यातून निघत नाही. दाताची कवळी आणि कलप यांना समाजाने कधीच माफ केले आहे. टोपावरच डोळा राहतो, तो बहुधा केस हे तारुण्याचे आणि सौभाग्याचे लक्षण मानले गेल्यामुळे. जिथे समोरचा माणूस त्या माहितीवर निर्णय घेणार असतो, म्हणजे लग्न ठरवण्याच्या बैठकीत, तिथे प्रश्न खरा होतो. पण तो टोपाचा नव्हे, लपवण्याचा.

‘हे केस कोणाचे’ हा प्रश्न याहून अवघड. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती धर्मचिंतकाने ख्रिस्ती स्त्रियांच्या टोपावर एक चमत्कारिक आक्षेप घेतला: धर्मगुरू डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो, तेव्हा तो हात दुसऱ्याच कोणाच्या केसांवर पडतो, मग आशीर्वाद कोणाला मिळतो? या आक्षेपामागे केस म्हणजे माणूसच, ही धारणा आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात नेमकी हीच धारणा मोडून काढली आहे. केस म्हणजे नागसेन काय, या मिलिंद राजाच्या प्रश्नाला भिक्षू नागसेन स्वतःच नकार देतो, आणि मग नखे, दात, कातडी अशा एकेका अवयवालाही. नागसेनाचा तर्क मानला तर क्लेमेंटची चिंता उरत नाही. इस्लामी धर्मशास्त्रात हनफी मताने केसाला केस जोडण्याची मनाई मुख्यतः माणसाच्या केसापुरती धरली. मानवी देहाचा भाग वापरायची वस्तू होऊ नये, हे त्याचे कारण. लोकर किंवा इतर धाग्याला तो आक्षेप लागत नाही.

ही चर्चा २००४ साली एकदम रस्त्यावर आली, आणि तिचे एक टोक तिरुपतीला होते. कर्मठ यहुदी परंपरेत विवाहित स्त्रीने केस झाकायचे असतात, आणि अनेक कुटुंबांत त्यासाठी टोप वापरतात. यिडिशमध्ये त्याला शेटल म्हणतात. भारतातून जाणाऱ्या केसांत तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविकांनी उतरवलेले केस असतात. देवस्थान ते लिलावाने विकते. हे केस दुसऱ्या दैवताला वाहिलेले असतील तर यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे त्यांचा कोणताही उपयोग निषिद्ध ठरतो. लंडनचे एक रब्बी पाहणीसाठी तिरुपतीला जाऊन आले, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात जेरुसलेमचे रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी असे टोप वापरू नयेत असा निर्णय दिला. ब्रुकलिनमध्ये आणि इस्रायलमध्ये लोकांनी टोपांच्या होळ्या केल्या, आणि कृत्रिम केसांच्या टोपांना मागणी आली.

वादाचा गाभा मात्र टोपात नव्हता. केस उतरवणे हेच अर्पण आहे, की केस ही अर्पणानंतर उरलेली वस्तू? न्हावी पगारावर वस्तरा फिरवतो. त्याचा हेतू धरायचा, की भाविकाचा? विरोधी मताचे रब्बी म्हणत की भाविक सौंदर्य सोडतो, केस देवापुढे ठेवत नाही. तिरुपतीच्या लोककथेत या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ उलटे मिळते. वेंकटेश्वराच्या डोक्यावर जखमेने टक्कल पडले, नीलादेवीने आपले केस कापून तिथे लावले, आणि भक्तांचे केस तिला मिळतील असे देवाने तिला वचन दिले. या कथेत पहिला टोप देवानेच घातला, आणि तो खऱ्या केसांचा होता.

वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना हा वाद परका वाटला नसता. त्यांच्या मते यागाची तीन अंगे: द्रव्य, देवता आणि त्याग. त्याग म्हणजे ‘हे माझे नव्हे’ असे म्हणून स्वत्व सोडणे. दानात स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण केले जाते. त्यागात पहिलीच पायरी मुख्य. त्यांचा भाष्यकार शबरस्वामी तर याच्याही पुढे जातो: देवतेला देह नाही, ती वस्तू भोगत नाही आणि तिची मालकही होत नाही. हे मत धरले तर कल्याणकट्ट्यावरचे केस भाविकाचे राहिले नाहीत आणि देवाचे झाले नाहीत. आधुनिक न्यायालयांनी मूर्तीला विधिमान्य व्यक्ती मानून मालकीचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला, त्यामुळे लिलाव कायदेशीर ठरतो. मीमांसेचा पेच तिथेच राहतो. आणि त्यागासाठी इच्छा लागते, हेही विसरता येत नाही. महाराष्ट्रात विधवांचे केशवपन झाले त्यात ‘माझे नव्हे’ म्हणणारे कोणी नव्हते, काढून घेणारेच होते.

कृत्रिम धागा या सगळ्यातून अलगद सुटतो. त्याला दाता नाही, म्हणून नैवेद्यही नाही, जबरदस्तीही नाही. क्लेमेंटचा आशीर्वाद त्याच्यावर पडला तर तो दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जात नाही. मात्र त्याची निर्दोषता उगमापुरतीच. लांब, लाटदार, झळझळीत टोप स्वतःच्या केसांपेक्षा अधिक लक्ष वेधत असेल, तर झाकण्याचा हेतू उरतो काय? याच कारणाने रब्बी ओवादिया योसेफ यांचा टोपालाच विरोध होता. उलट लुबाविच या हसिदी पंथाचे गुरू, लुबाविचर रेबे, टोप चांगला म्हणत, कारण रुमाल घसरतो किंवा संकोचाने काढला जातो, टोप तसा निघत नाही. धागा बदलून हा वाद मिटत नाही, कारण तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांविषयी आहे.

निगेत धाग्याचा वळण धरून ठेवण्याचा गुण कामी येतो. टोप दहा-पंधरा वेळा घातल्यावर गार पाण्यात सौम्य शाम्पूने धुवावा, पिळू नये, टॉवेलात दाबून पाणी काढावे आणि उंच स्टँडवर सावलीत वाळू द्यावा. ओल्या धाग्याला कंगवा लावला तर तो ताणला जातो आणि लाट सैल होते. वाळल्यावर रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवावा आणि लाट बोटांनी जुळवावी; बारीक ब्रशने लाटा फुटून धागा पिंजारतो. रोज वापरलेला साधा टोप काही महिन्यांतच मानेपाशी झिजतो. तेव्हा तो नदीत सोडलेल्या जावळासारखा मातीत मिळत नाही; धागा कुजत नाही, लाट तशीच धरून कचऱ्यात पडून राहतो.