आधी शाळेतला प्रिंटर चालू कर

चि. भाचीबाईस,


गावातला लिनक्सचा ग्रुप पुन्हा उभा करायचं तुझ्या मनात आहे, छानच. पण पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तू लोगो, घटना आणि कार्यकारिणी घातली आहेस. ती तिन्ही कलमं काढून टाक. अध्यक्ष-सचिव निवडून झाले की काम झालं, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटू लागतं.

ग्रुप भांडणांमुळे बंद पडला असं तुला सांगतील. भांडणं होती, उबुंटू की फेडोरा यावरून अबोलेसुद्धा धरले गेले. पण खरं तर ग्रुपची गरजच उरली नाही. डायल-अपवर अख्खी सीडी उतरवणं अशक्य होतं, तेव्हा ज्याच्याकडे सीडी त्याच्याकडे माणसं जमायची. मोडेम चालेना झाला की कुणीतरी येऊन शेजारी बसायचं. पुढे उबुंटूची सीडी फुकट घरपोच यायला लागली. २०११ साली ती योजनाही थांबली. आज अडलेल्याला घरबसल्या उत्तर मिळतं. त्यासाठी शनिवारची दुपार कोण घालवेल?

तेव्हा, माणूस समोर असल्याशिवाय होत नाही असं काम शोध. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा अधिकृत सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. शाळांच्या लॅबमधल्या जुन्या मशिनी त्यात बसत नाहीत. एक शाळा धर. एकच. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घाल आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाक. चार जीबी रॅमवर ती बरी चालते.

लॅबचं काम सोपं आहे. अडशील ती ऑफिसात. क्लार्कच्या टेबलावर कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर असण्याची शक्यता दांडगी, आणि त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो बसवताना घाम फुटतो. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर फॉन्ट नसलेल्या मशीनवर लिब्रेऑफिसमध्ये नुसती अगम्य चिन्हं दिसतील. त्या युनिकोडमध्ये आण, पण रूपांतरावर विसंबू नकोस. रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनीच तपासावी लागतात, आणि या कामात मराठीच्या निवृत्त बाई कुठल्याही प्रोग्रॅमरपेक्षा उपयोगी. त्यांना ग्रुपमध्ये घे. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर अडलं तर ते एक मशीन विंडोजवरच राहू दे. तिथे तत्त्वाचा हट्ट धरलास तर शाळा दुसऱ्यांदा दारात उभं करणार नाही.

सुटलेली प्रत्येक अडचण मराठीत लिहून ठेव. मेनूतलं भाषांतर खटकलं तर लिब्रेऑफिसच्या वेबलेट या भाषांतराच्या साइटवर दुरुस्ती सुचव. ग्रुपचं नाव जगात पोचवायचं असेल तर ते या वाटेने पोचेल.

कॉलेजच्या पोरांना प्रमाणपत्राचं आमिष दाखवू नकोस. प्रमाणपत्र हातात पडलं की ती दिसत नाहीत. जुन्या मंडळींना भाषणाला बोलवू नकोस, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बोलव. त्यांच्यापैकी कुणाकडे ग्रुपच्या डोमेनचा पासवर्ड असेल तो आत्ताच मागून घे, आणि यापुढे तो दोघांकडे असू दे.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार सॉफ्टवेअर फ्रीडम डे म्हणून पाळतात. त्या दिवशी लॅब पालकांना उघडी ठेव.

एसएसडीला पैसे कमी पडले तर कळव.

तुझा,
मामा