कुलूप आणि शेजार

जिंतूर तालुक्यांतील येलदरी हें पूर्णा नदीवर 1968 सालीं पुऱ्या झालेल्या धरणाचें गांव. अशा लहान गांवीं, जेथें जो तो एकमेकांस ओळखतो, जुन्या पिकप गाडीच्या दाराचें कुलूप दुरुस्त करून घेणें म्हणजे शेजाऱ्यांवर अविश्वास दाखविणें नव्हे काय?

आधीं कुलपाचा दोष पाहूं. त्याच्या आंत स्प्रिंगांवर बसविलेल्या पातळ पट्ट्या असतात. किल्लीच्या खांचा जुळल्या म्हणजे त्या एका पातळींत येतात व कुलपाचा गाभा फिरतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणानें पट्ट्या व किल्ली दोन्ही झिजतात, आणि मग कित्येकदां भलतीच किल्लीहि चालते. झिजलेलें कुलूप उघडतें. तें कोणास नाकारूं मात्र शकत नाहीं.

अशा गाडींतून बियाण्याची एक पिशवी नाहींशी झाली, तर संशय कोणावर जाईल? बहुधा सर्वांत गरिबावर. आणि निरपराधित्व सिद्ध करण्याचें साधन त्याच्यापाशींच सर्वांत कमी असतें. सराईत चोर कांच फोडील. त्यास कुलूप अडवीत नाहीं. तें मुख्यतः मालकाच्या मनांतील संशयास अडवितें. म्हणून नव्या पट्ट्या बसविणारा कारागीर मालाबरोबर शेजाऱ्याच्या अब्रूचेंहि रक्षण करतो, असें आम्हांस वाटतें.